पायएनव्हीच्या ओळी नेमक्या कोणत्या फाईलीत टाकायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्रसजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब पाहणाऱ्या मुलाकडे उबुंटू 24.04 असलेला जुना लॅपटॉप आहे. रोजच्या काटापट्ट्यांच्या एक्सेल फाईली एकत्र करून गावनिहाय कापूस-तुरीची आवक काढणारी पायथन स्क्रिप्ट आधीचा माणूस लिहून गेलाय. तिला पांडाज (तक्त्यांवर काम करणारं पायथनचं पॅकेज) 1.5.3 लागतं आणि उबुंटूसोबत आलेल्या पायथन 3.12 वर ते बसत नाही. म्हणून व्हिडिओ पाहून पायएनव्ही (एकाच मशीनवर पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलं, त्यातून पायथन 3.9 बनवलं. आता तो लिहितो, "ज्या खिडकीत टाकलं तिथे चालते. नवीन टर्मिनल उघडलं की कमांड नॉट फाऊंड. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच करून आलो तर पुन्हा चालते, पण तेव्हा प्रॉम्प्टचा हिरवा रंग जाते. रात्री क्रॉनमधून तर काहीच होत नाही. दादा, असं काऊन होते?" (एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या शेलमध्ये शिरणं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी व्यवस्था.)

रंग जातो हे तू लिहिलंस ते बरं केलंस. अर्धं निदान त्यातच आहे.

तू पाहिलेला व्हिडिओ मॅकवरचा असावा. त्यात सांगितल्याप्रमाणे तू घरच्या फोल्डरात 'डॉट बॅश-अंडरस्कोर-प्रोफाईल' नावाची नवी फाईल बनवलीस आणि पायएनव्हीच्या ओळी तिच्यात टाकल्यास. ओळी बरोबर आहेत, पण उबुंटूचं नेहमीचं टर्मिनल ती फाईल उघडूनही बघत नाही.

टर्मिनलात तू टाईप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल, आणि उबुंटूचा नेहमीचा शेल म्हणजे बॅश. तो दोन तऱ्हेने सुरू होतो. लॉगिन शेल म्हणून सुरू झाला, म्हणजे एसएसएचने आलास किंवा काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड देऊन आत गेलास, की तो घरच्या फोल्डरात तीन फाईली क्रमाने शोधतो: आधी डॉट बॅश-प्रोफाईल, मग डॉट बॅश-लॉगिन, मग डॉट प्रोफाईल. यातली जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडलीस तर तो लॉगिन शेल नसतो, नुसता संवादी शेल असतो, आणि तो वाचतो फक्त डॉट बॅशआरसी. मॅकचं टर्मिनल मात्र प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणून उघडतं, म्हणून व्हिडिओवाल्याचं काम झालं आणि तुझं अडलं.

आता रंगाचं. उबुंटू प्रत्येक नव्या वापरकर्त्याला डॉट प्रोफाईल आणि डॉट बॅशआरसी या दोन फाईली तयार देतो. प्रॉम्प्टचा रंग बॅशआरसीत असतो. आणि डॉट प्रोफाईलमध्ये एक ओळ असते, की शेल बॅश असेल तर बॅशआरसीही वाच. म्हणून एसएसएचने आलं तरी रंग दिसायचा. तू डॉट बॅश-प्रोफाईल बनवलीस त्या क्षणी ही साखळी तुटली. लॉगिन शेलला तुझी फाईल आधी सापडते, तो डॉट प्रोफाईलपर्यंत पोचतच नाही, मग बॅशआरसी नाही आणि रंगही नाही. आणखी एक गोष्ट गेली असेल, ती तुझ्या लक्षात आली नसेल: घरच्या फोल्डरातल्या 'डॉट लोकल'मधलं बिन फोल्डर पाथमध्ये (शेल कमांडा जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) जोडायचं कामही डॉट प्रोफाईलच करते. तिथे काही टाकलेलं असेल तर एसएसएचमध्ये तेही सापडेनासं झालं असणार.

खात्री करायची असेल तर दोन्हीकडे 'इको डॉलर शून्य' देऊन बघ. एसएसएचमध्ये उत्तराच्या आधी वजा चिन्ह दिसेल, म्हणजे वजा बॅश. खिडकीत नुसतं बॅश किंवा त्याचा पत्ता. ते वजा चिन्ह म्हणजेच लॉगिन शेल. 'शॉप्ट लॉगिन-अंडरस्कोर-शेल' ही कमांडही ऑन किंवा ऑफ असं सरळ सांगते.

तेव्हा दुरुस्ती अशी. डॉट बॅश-प्रोफाईलमधल्या ओळी कापून डॉट बॅशआरसीच्या अगदी तळाशी टाक आणि बॅश-प्रोफाईल फाईल काढून टाक. पायएनव्हीवाले स्वतः याच ओळी डॉट प्रोफाईलमध्येही टाका म्हणतात. टाकल्यास बिघडत नाही, पण तुझ्या कामाला एकट्या बॅशआरसीने भागतं, कारण उबुंटूची डॉट प्रोफाईल तिला बोलावतेच. एकाच जागी ठेवलेलं पुढच्या माणसाला सापडतं.

कमांडा मी इथे मुद्दाम देवनागरीत लिहितोय, म्हणजे तुला त्या हाताने टाईप कराव्या लागतील. मोबाईलवरून आलेल्या मेसेजमधून किंवा वर्ड फाईलीतून ओळी उचलल्या की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, दोन वजा चिन्हांची एक लांब रेघ होते आणि शेल भलतंच काही ओरडतो. डोळ्याला फरक दिसत नाही. ओळी विंडोजच्या नोटपॅडमधून आल्या असतील तर आणखी एक गंमत: प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह चिकटून येतं आणि चुकीच्या संदेशात उलटी तिरपी रेघ आणि आर असं काहीतरी दिसतं. ते दिसलं की डोकं न खपवता ती ओळ पुसून नव्याने टाईप करायची.

ओळी तीन आहेत. पहिली पायएनव्ही-रूट हे चल (व्हेरिएबल) ठरवते: घरच्या फोल्डरातलं डॉट पायएनव्ही. दुसरी त्याच्या आतलं बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला जोडते. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची: इव्हॅल, मग दुहेरी अवतरणात डॉलर, कंस, त्यात पायएनव्ही इनिट, एक मोकळं वजा चिन्ह, बॅश, कंस बंद. ते मोकळं वजा चिन्ह विसरलास तर पायएनव्ही तुला नुसत्या सूचना छापून देईल, आणि नवं टर्मिनल उघडलं की त्याच दिसत राहतील.

तिसऱ्या ओळीत इव्हॅल का लागतं हे कोणी सांगत नाही, आणि ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. शेलमधून सुरू केलेला कुठलाही प्रोग्रॅम त्या शेलचा पोरगा असतो. पोराला बापाचा पाथ वारशात मिळतो, पण पोरगा बापाचा पाथ बदलू शकत नाही. म्हणून पायएनव्ही स्वतः काही बदलत नाही. काय बदलायचं ते शेलच्या भाषेत लिहून नुसतं छापतं, आणि इव्हॅल ते छापलेलं उचलून चालू शेलमध्येच राबवतं. याच कारणाने बॅशआरसी बदलल्यावर आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीत काहीच फरक पडत नाही. नवी खिडकी उघडायची, किंवा आहे त्यातच 'सोर्स' करून फाईल पुन्हा वाचायला लावायची. तुझ्या पहिल्या खिडकीत चाललं ते याचमुळे: तिथे तू ओळी हाताने दिल्या होत्यास.

आता पाथ. ती विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेली फोल्डरांची ओळ असते. तू पायथन म्हटलंस की शेल डावीकडून एकेक फोल्डर बघत जातो आणि त्या नावाचं पहिलं जे सापडेल ते चालवतो. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागते तसंच, मागच्या गाडीत कितीही चांगला कापूस असो, काट्यावर पुढची चढते. पायएनव्हीचं 'शिम्स' नावाचं फोल्डर रांगेत पहिलं उभं करायचं, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा उद्देश. त्यात पायथन, पिप (पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) अशा नावांच्या छोट्या स्क्रिप्टा असतात. त्या खरा पायथन नाहीत. त्या पायएनव्हीला विचारतात, इथे कोणती आवृत्ती चालवू?

आणि पायएनव्ही ते ठरवतं या क्रमाने: आधी पायएनव्ही-व्हर्जन हे चल दिलंय का, नसेल तर चालू फोल्डरात डॉट पायथन-व्हर्जन नावाची फाईल आहे का, नसेल तर वरच्या फोल्डरात, त्याच्याही वरच्या, आणि कुठेच नसेल तर ग्लोबल म्हणून ठरवलेली. म्हणून एकाच मशीनवर, एकाच खिडकीत, फोल्डर बदलला की पायथन बदलतो. हा बिघाड समजू नकोस, यासाठीच तर पायएनव्ही आहे. शंका आली की 'पायएनव्ही व्हर्जन' दे. कोणती आवृत्ती आणि कोणत्या फाईलीमुळे, दोन्ही सांगतं. आणि 'टाईप वजा-ए पायथन3' दिलंस तर पाथमधले सगळे पायथन3 रांगेतल्या क्रमाने दिसतात. 'विच'पेक्षा हे बरं. विच फक्त पाथ बघतो, शेलमधली फंक्शनं आणि टोपणनावं त्याला दिसत नाहीत.

कॉलेजात असताना अॅनाकोंडा (पायथनचा तयार संच, त्याचं साधन म्हणजे कोंडा) टाकलं असशील तर तेही तपास. प्रॉम्प्टच्या आधी कंसात 'बेस' दिसत असेल तर कोंडाने आपला पायथन रांगेत पुढे घुसवलाय. त्याचा खंड बॅशआरसीत पायएनव्हीच्या खाली असेल तर जिंकतो तोच, कारण शेवटी जोडणारा सगळ्यात पुढे जातो. बेस आपोआप चालू होणं कोंडाच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं. दोन्ही ठेवायचे तर ते बंद कर. मी तर म्हणेन दोन्ही ठेवूच नको.

ग्लोबल आवृत्ती 'सिस्टिम'च राहू दे. 3.11 फक्त स्क्रिप्टच्या फोल्डरात 'पायएनव्ही लोकल' देऊन ठरव. आणि कोणी सांगितलं की यूएसआर-बिनमधली पायथन3 ची लिंकच बदल, म्हणजे सगळीकडे नवा पायथन होईल, तर बाप्पा, हात जोड आणि पुढे चाल. उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्या पायथनवर चालतात. लिंक हलली की एपीटी (उबुंटूत पॅकेजेस टाकणारं साधन) कुरकुरतं, एपीटी-पीकेजी सापडत नाही म्हणतं, आणि कित्येकदा टर्मिनलची खिडकीच उघडायची बंद होते. मग ते नीट करायलाही टर्मिनल नाही. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवणंही तसंच टाळ. सुडो आपला वेगळा पाथ वापरतो, तिथे शिम्स नसतात, आणि तू थेट सिस्टिमच्या पायथनवर जाऊन आदळतोस.

3.11 म्हणालो, 3.9 नाही. 3.9 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर 2025 ला थांबलं. 3.11 ला त्या ऑक्टोबर 2027 पर्यंत मिळणार आहेत. पांडाज 1.5.3 च्या तयार फाईली 3.11 पर्यंतच उपलब्ध आहेत, 3.12 साठी नाहीत. म्हणून तिथे पिप ते मुळापासून बांधायला बसतं आणि फसतं. 3.11 वर ते मिनिटात बसेल. पण एक काटा वाटेत आहे: पांडाजची ही जुनी आवृत्ती नमपायला (पांडाज ज्यावर उभं आहे ते आकडेमोडीचं पॅकेज) वरची मर्यादा घालत नाही, त्यामुळे पिप नमपाय 2 उचलून आणतं आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर डीटाईपचा आकार बदललाय म्हणून मरते. रिक्वायरमेंट्स फाईलीत (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) नमपाय 2 पेक्षा लहान अशी ओळ लिही. 1.26.4 चालतं.

3.11 बनवण्याआधी आणखी एक काम. पायएनव्ही तयार पायथन आणत नाही, मूळ कोड आणून तुझ्याच मशीनवर बांधतं. त्यासाठी बिल्ड-इसेन्शियल, आणि ओपनएसएसएल, झेडलिब, बीझेडटू, रीडलाईन, एसक्यूलाईट, एफएफआय, एलझेडएमए यांची डेव्ह पॅकेजेस एपीटीने आधी टाकावी लागतात. यातलं काही राहिलं तरी पायथन बऱ्याचदा बनतो, फक्त तेवढा भाग वगळून बनतो आणि शेवटी इशारा देतो, जो कोणी वाचत नाही. ओपनएसएसएल नसेल तर मात्र पायएनव्ही चूक दाखवून बांधणीच फसली म्हणतं. पॅकेजेस नंतर टाकून उपयोग नाही, पायथन पुन्हा बांधावा लागतो.

आपल्याकडच्या परिस्थितीसाठी दोन-तीन गोष्टी. बांधणीच्या मध्ये लाईन गेली आणि बॅटरी संपली तर काम पहिल्यापासून. बॅटरी भरून ठेव आणि मे महिन्यातल्या दुपारी हे काढू नको, सकाळी कर. यवतमाळच्या उन्हात जुना लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि तासाचं काम लांबत जातं. रॅम 4 जीबी किंवा कमी असेल तर मेकच्या (बांधणी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पर्यायांत एकाच वेळी दोनच कामं चालव असं सांग. एरवी तो जेवढे कोअर तेवढी कामं काढतो.

दुसरं, नेट. डॉट पायएनव्हीच्या आत 'कॅश' नावाचं फोल्डर हाताने बनव. ते असलं की पायएनव्ही उतरवलेली मूळ फाईल तिथे ठेवून देतं आणि पुढच्या वेळी तीच वापरतं. आधी दुसऱ्या मशीनवर उतरवलेली फाईल, नाव अजिबात न बदलता, या फोल्डरात टाकलीस तरी चालते. पायएनव्ही ती पडताळून घेतं, पूर्ण असेल तरच वापरतं. कंपनीच्या दोन-चार लॅपटॉपवर हेच करायचं असेल तर तालुक्याला चांगलं नेट आहे तिथून एकदा आण आणि पेन ड्राईव्हवर वाट. पायएनव्हीचं फोल्डरही असंच नेता येतं, फक्त ते आधी टार करून एका फाईलीत बांध. पेन ड्राईव्ह सहसा फॅट पद्धतीचा असतो, त्यावर नुसतं फोल्डर ओढलंस तर लिंका तुटतात आणि फाईली चालवायची परवानगीही हरवते. बांधून झालेला पायथन एका मशीनवरून दुसऱ्यावर नेऊ नको. त्याच्या पोटात मूळ पत्ता लिहिलेला असतो, वापरकर्त्याचं नाव वेगळं असलं की गडबड होते.

आता क्रॉन, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. क्रॉनसाठी पायएनव्हीच्या शेल-व्यवस्थेवर अजिबात विसंबू नको. क्रॉन ना बॅशआरसी वाचतो ना प्रोफाईल, त्याला पाथ अगदी तोकडा मिळतो. लोक यावर उपाय म्हणून क्रॉनच्या ओळीत सोर्स करून बॅशआरसी वाचायला लावतात. ते दोन कारणांनी फसतं. क्रॉन कमांड चालवतो एसएच वापरून, उबुंटूत तो एसएच म्हणजे डॅश, आणि डॅशला 'सोर्स' हा शब्दच माहीत नाही. बॅश सांगून केलं तरी उबुंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच एक अट लिहिलेली आहे: शेल संवादी नसेल तर इथूनच परत फिर. तुझ्या पायएनव्हीच्या ओळी तळाशी आहेत. तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. चूकही दिसत नाही, कारण ती चूक नाहीच.

सरळ रस्ता असा. स्क्रिप्टच्या फोल्डरात 'पायएनव्ही लोकल' ने 3.11 ठरव, मग तिथेच 'पायथन वजा-एम व्हेन्व डॉट-व्हेन्व' देऊन वेगळं वातावरण बनव, ते चालू कर आणि रिक्वायरमेंट्स फाईल त्यात बसव. आता त्या डॉट-व्हेन्वच्या आतल्या बिनमध्ये एक पायथन आहे. क्रॉनमध्ये त्याचा होमपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिही, पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. शिम नको, पाथ नको, व्हेन्व चालू करायचीही गरज नाही. त्या पत्त्याने बोलावलं की त्यातली सगळी पॅकेजेस सोबत येतात. मात्र हा पायथन पायएनव्हीतल्या 3.11 ची लिंक असतो. पुढे कधी जागा करायला म्हणून ते 3.11 उडवलंस तर व्हेन्वही गेलं समज.

ओळीच्या शेवटी नेहमीचं आणि चुकांचं, दोन्ही आउटपुट एका लॉग फाईलीत वळव. आणि स्क्रिप्टमध्ये एक्सेल फाईलींचे पत्ते नुसते नावाने दिले असतील तर तेही पूर्ण कर, कारण क्रॉन काम सुरू करतो तुझ्या घरच्या फोल्डरातून, स्क्रिप्टच्या फोल्डरातून नाही. बऱ्याच जणांचं पायथन इथवर येऊन नीट चालतं आणि मग फाईल सापडत नाही म्हणून थांबतं.

व्हीएस कोड वापरत असशील तर त्याच्या खालच्या टर्मिनलात सगळं ठीक दिसेल, पण वरचं चालवायचं बटण वेगळाच पायथन घेईल. त्यात इंटरप्रिटर निवडायची सोय आहे, तिथेही हाच डॉट-व्हेन्वचा पायथन दाखव.

शेल झेडएसएच असेल तर हेच सगळं डॉट झेडएसएचआरसीत, आणि तिसऱ्या ओळीत बॅशच्या जागी झेडएसएच. रूबीसाठी आरबीएनव्ही याच तत्त्वावर चालतं, किंबहुना पायएनव्ही त्याच्यापासूनच फुटून निघालं आहे. नोडचं एनव्हीएम मात्र वेगळं, ते शिम वापरत नाही, शेलमध्ये एक फंक्शन म्हणून राहतं. त्यामुळे विच एनव्हीएम दिलं तर काही सापडत नाही आणि लोक घाबरतात. तिथे 'कमांड वजा-व्ही एनव्हीएम' विचारायचं. त्याने टर्मिनल उघडायला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे. नोड लागत नसेल तर टाकू नको.

रात्री काम झालं की नाही ते सकाळी लॉग फाईलीत बघ. लॉग फाईलच नसेल तर क्रॉनची ओळ चालली नाही किंवा लॉगचा पत्ता चुकलाय. फाईल आहे पण रिकामी असेल तर स्क्रिप्ट गुपचूप चालली. त्यात चूक दिसली तर तिची शेवटची ओळ जशीच्या तशी पाठव, फोटो नको.